एक रात्र की अख्खा महिना? दीर्घकथा आणि लघुकादंबरी

दिवाळी अंकांसाठी अद्भुतकथा लिहिणाऱ्यांना एक प्रश्न दर पावसाळ्यात पडतो. हातातलं लिखाण दीर्घकथा आहे की लघुकादंबरी? जादू, चंद्र आणि खमकी नायिका असं त्रिकूट जमलं असेल तर गोंधळ जास्तच, कारण तिन्ही गोष्टी दोन्हीकडे शोभून दिसतात. बहुतेक जण मग पानं मोजतात. पंचवीस-तीस झाली तर दीर्घकथा, साठ-सत्तरवर गेली तर लघुकादंबरी. संपादकांचं तर विचारूच नका. जागा कमी पडली की कादंबरीची दीर्घकथा होते, आणि मुखपृष्ठावर वजन हवं असलं की तोच मजकूर 'संपूर्ण कादंबरी' म्हणून मिरवतो. का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही प्रथा सुरू झाली. तेव्हापासून कथेची लांबी लेखकाइतकीच अंकाची पानंही ठरवत आली आहेत.

इंग्रजीत निदान आकड्यांचं कुंपण आहे. ह्यूगो आणि नेब्युला या विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या पुरस्कारांत 7,500 शब्दांच्या आत लघुकथा, तिथून 17,500 पर्यंत नॉव्हेलेट, 17,500 ते 40,000 नॉव्हेला आणि त्यापुढे कादंबरी. ही पट्टी मराठीला जशीच्या तशी लागत नाही. आपले प्रत्यय नि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटून बसतात, त्यामुळे तेवढाच मजकूर कमी शब्दांत मावतो. शिवाय पट्टीने लांबी कळते, जात कळत नाही. साठ पानांची दीर्घकथा असू शकते आणि चाळीस पानांत उरकलेली लघुकादंबरीही.

चंद्राच्या जादूची गोष्ट असेल तर मला वाटतं फरक ओळखायला चंद्रच पुरतो. दीर्घकथा एका तिथीवर उभी राहते. तिच्यात काळ कितीही जावो, सगळं त्या एका रात्रीकडे चाललेलं असतं किंवा त्या रात्रीपासून निघालेलं असतं. लघुकादंबरीला कला वाढताना आणि घटताना, दोन्ही दिसाव्या लागतात. जादू मिळाली, वापरली, तिची किंमत पुढे आली, आणि ती किंमत चुकवत असताना परत तीच तिथी समोर उभी राहिली, एवढा फेरा पुरा झाला तरच तिचं पोट भरतं.

आपल्याकडे याचा उत्तम नमुना घराघरांत वाचला जातो, तो म्हणजे पिठोरीची कहाणी. श्रावणी अमावस्या, आकाशात चंद्र नाही. घरात दरवर्षी त्याच दिवशी श्राद्ध असतं, त्याच दिवशी सून बाळंत होते आणि मूल जातं. सातव्या वर्षी सासरा मेलेलं मूल तिच्या ओटीत घालून तिला रानात हाकलून देतो. रानात तिला झोटिंगाची, म्हणजे भुताची, बायको भेटते आणि सांगते, शिवलिंगाजवळच्या बेलाच्या झाडावर बसून राहा. रात्री नागकन्या, देवकन्या पूजेला येतात. नैवेद्य दाखवून विचारतात, 'अतिथी कोण?' ही झाडावरून उतरते आणि म्हणते, 'मी.' सातही मुलं परत मिळतात. आजही पिठोरीला आई डोक्यावरून मागे वाण धरून हेच विचारते आणि मूल 'मी' म्हणून ते घेतं.

कहाणीतल्या बाईचा सगळा जोर त्या एका 'मी'मध्ये आहे. आधीची सात वर्षं तिथे पोचण्यासाठी, आणि नंतरचं 'सुखाने नांदू लागली' हे दार लावून घेण्यासाठी. हा दीर्घकथेचा सांगाडा झाला. नीट लिहिली तर तीस पानं सहज होतील: रान, झोटिंगाची बायको, झाडावरची भीती, उतरायचं की नाही याची घालमेल. पण गाभा तोच, एक रात्र आणि एक उत्तर.

आता तीच बाई सात मुलं घेऊन गावाच्या वेशीवर आली आहे असं धरा. ज्याने मेलेलं मूल ओटीत घातलं तोच सासरा समोर आहे. मुलांवरून तांदूळ नि पाणी ओवाळून टाकतात, लोक जमतात, कौतुक करतात. आणि रात्री? सगळ्यांत मोठं मूल सहा वर्षं मेलेलं होतं. त्याला काय आठवतं? ते आईला ओळखतं का? पुढच्या श्रावणात तीच अमावस्या आली आणि सासऱ्याने श्राद्धाचा स्वयंपाक सांगितला, तर ती चुलीपुढे बसेल का? कहाणी जिथे दार लावते तिथून लघुकादंबरी आत शिरते. हे प्रश्न दीर्घकथेत घातले तर ते शेपटासारखे लोंबकळतात. लघुकादंबरीत त्यांच्याशिवाय काही उरत नाही.

चंद्राची स्वतःची पुराणकथाही या कामाची आहे. दक्षाच्या सत्तावीस मुली त्याला दिल्या, त्याचा जीव एकट्या रोहिणीत. बाकीच्यांनी बापाकडे गाऱ्हाणं नेलं, दक्षाने क्षयाचा शाप दिला, चंद्र झिजू लागला. मग प्रभासक्षेत्री आराधना आणि तडजोड: पंधरवडाभर झिजायचं, पंधरवडाभर भरायचं. शापापर्यंतचा भाग दीर्घकथेत बसतो. तडजोडीनंतर मात्र दर महिन्याला तेच घडणार असतं, आणि त्या सव्वीस जणींना झिजणाऱ्या नवऱ्याची वाट पाहत बसायचं की नाही हे दर महिन्याला नव्याने ठरवावं लागतं. त्या सव्वीस जणी लघुकादंबरीची वाट पाहत केव्हापासून ताटकळल्या आहेत. कुणीतरी लिहा.

हे सगळं हवेत राहू नये म्हणून ठाण्यातलं एक बीज घेऊन दोन्ही करून बघू. चेंदणी कोळीवाड्यातली हिरा, वय पन्नाशीच्या आसपास, बाजारात मासळी विकते. तिच्यात एक ताकद आहे: ओहोटीने नेलेलं ती पुढच्या उधाणाला परत बोलवू शकते. वस्तू असो की माणूस.

दीर्घकथा अशी होईल. अमावस्येची रात्र, भाऊ खाडीत गेलेला, होडी रिकामी परत आली. हिराने ही ताकद आजवर कुणाला दाखवलेली नाही, कारण आईने बजावून ठेवलंय. मध्यरात्रीची भरती चढत येते. ती मीठबंदराच्या बाजूला पाण्यात उतरते आणि हाक मारते, किंवा मारत नाही. दोन्ही शेवट चालतील. वाचकाला जादूचा नियम पुरता कळलाच पाहिजे असंही नाही. अशी एक गोष्ट जगात आहे आणि आज तिची वेळ आली आहे, एवढं पटलं की काम झालं. दीर्घकथेतली जादू एकदाच वापरायची असते, म्हणून ती अंधुक ठेवलेली खपते. उलट जास्त समजावून सांगितली की तिचा दरारा जातो. 'या शक्तीचे तीन नियम होते' असं वाक्य दीर्घकथेत दिसलं की मी पेन्सिल उचलते.

लघुकादंबरीत भाऊ पहिल्याच प्रकरणात परत येतो. आणि मग भांग येतो.

इथे खाडीने आयती रचना दिली आहे. अमावस्या आणि पौर्णिमा या दोन तिथींना सूर्य-चंद्र एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते, पाणी जास्तीत जास्त चढतं आणि तितकंच खाली जातं. ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात पडते, भरती आळशी, ओहोटीही आळशी. त्याला किनाऱ्यावर भांग म्हणतात. साडेएकोणतीस दिवसांच्या चांद्रमासात दोन उधाणं, दोन भांग. आता नियम असा ठेवा की उधाणाला जे मागितलं त्याचं मोल भांगाला द्यावं लागतं, आणि काय द्यायचं ते हिरा ठरवत नाही. बघा, प्रकरणं आपोआप पडतात. अमावस्येला भाऊ आला. शुक्ल अष्टमीला काहीतरी गेलं. समजा, हिराला आईचा आवाज आठवेनासा झाला. पौर्णिमेला कोळीवाड्यातली दुसरी बाई दाराशी येऊन उभी राहिली: 'माझापण आण.' वद्य अष्टमीला त्याचं मोल. आणि परत अमावस्या येते तेव्हा भाऊ स्वतः म्हणतो, मला परत जाऊ दे.

ही जादू अंधुक ठेवून चालणार नाही. चार वेळा वापरली जाणारी गोष्ट चारही वेळा सारखी वागली पाहिजे, नाहीतर वाचक तिसऱ्या प्रकरणात म्हणतो, हे लेखिकेच्या सोयीने चाललंय. लघुकादंबरीत नियम थोडेच हवेत, एखाद-दोनच, पण ते कडक हवेत. नियमांचं अख्खं शास्त्र, त्याचे पंथ, शाळा, इतिहास, राजघराणी आली की समजावं, आता मोठ्या कादंबरीचं गाव लागलं. तिकडे जायचं तर खुशाल जावं, पण शिधा बरोबर घेऊन.

खमक्या बाईचं काय? माझ्या मते सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो. अद्भुतकथेत बाई ताकदवान दाखवायची म्हणजे तिच्या हातात तलवार द्यायची, डोळ्यांतलं पाणी काढून घ्यायचं आणि चार पुरुषांना लोळवायचं, असा एक साचा पडून गेलाय. दीर्घकथेत हा साचा कसाबसा निभावतो, कारण एका रात्रीपुरतं कुणीही पोलादी राहू शकतं. तिथे बाईचा कणा एका निर्णयात दिसला की पुरे. महिनाभर मात्र पोलादी राहून भागत नाही. हिराला भाऊ परत आणल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बर्फ फोडायचाय, पाटी भरायचीय, गिऱ्हाइकाशी घासाघीस करायचीय. तिची ताकद जादूत किती आणि त्या पाटीत किती, हे लघुकादंबरीला दाखवावंच लागतं. शेवटी जादू गेली तरी बाई उरते का, ही परीक्षा दीर्घकथा घेतच नाही. तिला तेवढा वेळ नसतो.

याच्याच जोडीला आणखी एक खूण आहे, आणि कच्चा खर्डा हाती आला की मी ती आधी बघते. गोष्टीत दुसरी बाई आहे का? असून उपयोग नाही, तिला स्वतःचं काही हवंय का? दीर्घकथा एकीलाच पूर्ण पेलते. बाकीच्या तिच्याभोवती सावलीसारख्या राहतात, आणि त्यात काही कमीपणा नाही. झोटिंगाची बायको बघा, किती जबरदस्त पात्र, पण तिला स्वतःला काय हवं होतं हे कहाणी सांगत नाही नि आपण विचारतही नाही. लघुकादंबरीत असं चालत नाही. दुसरी एक तरी बाई नायिकेच्या आड आली पाहिजे, आणि तिचंही बरोबर असलं पाहिजे.

हिराच्या गोष्टीत ती तिची सून आहे, वैशाली. ऐरोलीच्या आयटी पार्कात रात्रपाळी करते. तिला घर ऐरोलीला हलवायचंय, सासूने खाडीकडे पाठ फिरवावी असं तिला मनापासून वाटतं, आणि तिची कारणं खोटी नाहीत: खाडीत पूर्वीसारखी मासळी नाही, पाण्याला वास येतो, कोळीवाड्याच्या डोक्यावर टॉवर चढलेत. या दोघींना एकाच पौर्णिमेचा चंद्र दोन बाजूंनी दिसतो. ठाणे पूर्वेकडून तो संध्याकाळी पारसिकच्या डोंगराकडून, खाडीपलीकडून वर येतो. नवी मुंबईच्या काठावरून बघाल तर खाडी पश्चिमेला, म्हणजे वैशालीची पाळी संपता संपता पहाटे तोच चंद्र खाडीवरून मुलुंड-येऊरच्या अंगाला उतरतो. एकीच्या वाट्याला उगवणं, दुसरीच्या वाट्याला मावळणं. दीर्घकथेत यातलं एकच टोक घेता येतं. दोन्ही घ्यायची तर दोघींना सारखाच हक्क द्यावा लागतो, आणि दिला की पानं वाढतातच. ती वाढ मग चरबी राहत नाही.

आता चंद्राच्या बाबतीत थोडं खडसावून बोलते. 'पौर्णिमेचा चंद्र उगवला आणि खाडी उधाणली' हे वाक्य ठाण्याच्या गोष्टींत फार आढळतं. आपल्या किनाऱ्यावर भरतीचा जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या सुमारास. खाडीच्या आतल्या टोकाला, म्हणजे ठाण्याला, ती आणखी थोड्या उशिराने पोचते. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं. म्हणजे पौर्णिमेला चंद्र संध्याकाळी वर येतो तेव्हा खाडीत ओहोटी असते. पाणी नाही, चिखल असतो, आणि चिखलावर निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारत असतात. पाणी भरतं ते मध्यरात्रीकडे, चंद्र डोक्यावर आल्यावर. हे खरं चित्र त्या ठोकळेबाज वाक्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. नायिकेला चंद्र दिसतोय पण पाणी यायला अजून पाच-सहा तास आहेत, या पाच-सहा तासांत अख्खी दीर्घकथा मावते.

तसंच कोरीचं. मध्यरात्री आभाळात शुद्ध द्वितीयेची कोर लटकवणारे लेखक आहेत. ती कोर सूर्यास्तानंतर पश्चिमेला थोडा वेळ दिसते आणि मावळते. वद्य पक्षातली कोर पहाटे पूर्वेला. वद्य अष्टमीचा अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणून तर जन्माष्टमीच्या रात्रीच्या वर्णनात चंद्रोदय शोभतो. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, हे संकष्टीच्या रात्री ताट वाढून ताटकळलेल्या वाचकाला सांगावं लागत नाही. त्याला फसवता येत नाही.

या चुकीची शिक्षा मात्र दोन्हीकडे सारखी नाही. दीर्घकथेत चंद्र चुकला तर एक प्रसंग खोटा वाटतो. भाषा जोरकस असेल तर वाचक तेवढं माफ करून पुढे जातो. लघुकादंबरीत चंद्र हेच कॅलेंडर असतं. पौर्णिमेनंतर सहा दिवसांनी तुम्ही परत गोल चंद्र दाखवलात, की हिराला भांगाला मोल द्यावं लागतं हा नियमच कोसळतो आणि त्याबरोबर तिची सगळी ओढाताण. म्हणून लघुकादंबरी लिहायला घेतली की भिंतीवरचं तिथींचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवावं आणि प्रत्येक प्रकरणाच्या कडेला तिथी लिहावी. छापताना ती काढून टाकली तरी चालते. दीर्घकथेला एकाच तारखेवर खूण केली की झालं.

आता मधल्या प्रकाराबद्दल, कारण तोच सर्वांत जास्त येतो. एकाच नायिकेच्या चार दीर्घकथा, कोजागरीची एक, नारळी पौर्णिमेची एक, वटपौर्णिमेची एक, पिठोरीची एक, एका दोऱ्यात ओवून 'लघुकादंबरी' म्हणून पाठवल्या जातात. चारही सण, चारही जादू, चारही वेळा विजय. वाचायला मजा येते, मी नाही म्हणत नाही. पण कोजागरीला जे केलं त्याचा पिठोरीच्या रात्री काही परिणाम दिसत नसेल, चौथी गोष्ट दुसऱ्या क्रमांकावर ठेवली तरी काही बिघडत नसेल, तर त्या चार दीर्घकथाच आहेत आणि चार वेगवेगळ्या अंकांत जास्त सुखाने नांदतील. क्रम बदलून बघणं ही सोपी कसोटी आहे. लघुकादंबरीत क्रम बदलला की नायिका कर्ज फेडल्यावर कर्ज काढताना दिसते.

उलट दिशेची चूकही होते. लघुकादंबरीचं बीज दीर्घकथेत कोंबलं की शेवटच्या तीन पानांत धावपळ सुरू होते: किंमत, पश्चात्ताप, सुनेशी समेट, भावाचं जाणं, सगळं एका पहाटेत. अशा वेळी दोनच मार्ग. शेवटची तीन पानं कापून हाकेपाशी थांबायचं, किंवा ती तीन पानं हे पहिलं प्रकरण समजून पुढे लिहायचं. हिराच्या गोष्टीत मी दीर्घकथा निवडली तर वैशालीला पूर्ण काढावं लागेल. नुसती 'सून रात्रपाळीला गेली होती' एवढी उरेल, आणि त्याचं मला वाईट वाटेल, पण कथेला वाटणार नाही.

अंकाची पानं ठरत आली की संपादकाचा फोन येतोच: 'ताई, थोडं कापता येईल का?' दीर्घकथेला खुशाल हो म्हणावं. वाटेवरचं वर्णन, आधीच्या वर्षांची हकिकत, एखादं स्वप्न गेलं तरी ती रात्र शाबूत राहते, बरेचदा अधिक धारदार होते. लघुकादंबरीतून मात्र कापायला पंधरवडाच सापडतो, आणि पंधरवडा गेला की मोल न देता भाऊ घरात राहिलेला दिसतो. तेव्हा सांगावं, पुढच्या वर्षीच्या अंकात घ्या, आणि यंदासाठी त्यांच्याकडे एक रात्र पाठवून द्यावी.